मामूंच्या दुकानातला मॅग्नेटो

गेल्या महिन्यात पातूरला मामूंच्या वेल्डिंगच्या दुकानात बापलेकाचा वाद चालला होता. वादाचे कारण एक जुने, पेट्रोल इंजिनवर चालणारे वेल्डिंग मशीन. मामूंनी ते भंगारातून घेतले होते. जिथे लाइन पोहोचली नाही, अशा शेतातल्या विहिरींवर आणि रस्त्याच्या कामांवर ते नेऊन त्यांनी घर चालवले. आता ते थंड असताना चालू व्हायचे आणि तापले की फटफट करून बंद पडायचे. मुलगा म्हणत होता, "अब्बा, मॅग्नेटो काढून टाकू. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू, नाहीतर मशीनच विकून टाकू."

मामू एवढेच म्हणाले, "पहले मर्ज ढूंढो, फिर दवा."

मॅग्नेटो म्हणजे काय? डिझेल इंजिनात हवा दाबल्यामुळेच इतकी तापते की इंधन आपोआप पेटते. पेट्रोल इंजिनाला मात्र ठिणगी लागते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवले की तारेच्या वेटोळ्याजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले की तारेत वीज निर्माण होते. मॅग्नेटो याच तत्त्वावर चालतो. त्याला बॅटरी लागत नाही. इंजिन फिरते, चुंबक आपले काम करतो आणि ठिणगी पडते.

जर्मनीत श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशने १८८७ मध्ये एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला. त्याच्या कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने १९०२ च्या सुमारास जास्त व्होल्टेजचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग अशी जोडी तयार केली. पुढे मोटारी, विमाने, पंप सगळे त्यावर धावू लागले.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. ब्रिटन तोवर आपले बहुतेक मॅग्नेटो जर्मनीतूनच आणत असे. आता तोच देश शत्रू झाला. विमानाचे इंजिन स्वतःचे, पण त्याची ठिणगी परक्याची! ब्रिटिश कारखान्यांना घाईघाईने मॅग्नेटो बनवायला शिकावे लागले. वस्तू विकत घेणे वेगळे आणि तिचे इल्म असणे वेगळे, हा धडा एका साम्राज्याला हातात मावणाऱ्या पुर्जाने दिला.

नंतर मोटारींत मॅग्नेटोची जागा बॅटरी आणि कॉइलने घेतली. आपल्याकडे १९५१ मध्ये बेंगळुरूला मायको कंपनी सुरू झाली आणि स्पार्क प्लग देशात बनू लागले. पण बॅटरीशिवाय चालणाऱ्या जुन्या इंजिनांवर मॅग्नेटो टिकून राहिला. त्याची विद्या पुस्तकांपेक्षा उस्तादांच्या हातात राहिली.

ती विद्या मी त्या दिवशी पाहिली. मामूंनी आधी हँडल सावकाश फिरवले आणि कान लावला. आतून "टक" असा आवाज आला. हळू फिरताना ठिणगी कमजोर पडू नये म्हणून आत एक स्प्रिंग असते. ती मॅग्नेटोला क्षणभर अडवून झटक्यात सोडते, त्याचा हा आवाज. म्हणजे स्प्रिंग ठीक. मग इंजिन तापवले. ते अडखळू लागताच झाकण काढले, तर पॉइंटमध्येच निळसर-पांढरी ठिणगी जोरात उडत होती. प्लगवर मात्र ती पिवळी आणि मरगळलेली.

"कंडेन्सर गया," मामू म्हणाले. पॉइंट उघडताना तिथे उडणारी ठिणगी दाबणे हे कंडेन्सरचे काम. तो तापून निकामी झाला की जोर पॉइंटवरच वाया जातो आणि पॉइंट जळतात.

मला माझे बी.एड.चे वर्ष आठवले. निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन यांवर आम्ही पानेच्या पाने लिहिली. पोरगा कुठे चुकतो ते आधी शोधा, मग शिकवा. वर्गात मी ते किती वेळा विसरलो! चौथीपर्यंत शिकलेले मामू विसरले नव्हते.

मुलाचेही सगळे चूक नव्हते. पुर्जे मिळेनासे झाले, कॉइल जळाली, तर नवी इग्निशन बसवणेच शहाणपणाचे. पण नेमके काय बिघडले हे न पाहता पूर्ण पुर्जा फेकायचा, ही सवय लागली की कारीगर उरत नाही, फक्त गिऱ्हाईक उरते.

त्या दिवशी मामूंनी स्वतः हात लावला नाही. मुलाने अकोल्याहून योग्य मापाचा कंडेन्सर आणला, पॉइंट घासून साफ केले, फीलर गेजने फट मोजली. मशीन तासभर चालले, बंद पडले नाही.

वादाचा निकाल अजून लागलेला नाही. मशीन विकायचे की ठेवायचे, ते मुलगाच ठरवणार आहे. मामूंची त्याला हरकत नाही. त्यांनी जुना कंडेन्सर मात्र मला दिला. मी तो शाळेत नेला, वर्गाच्या टेबलावर ठेवला आणि मुलांना विचारले, "सांगा, ह्याचे काय बिघडले असेल?"