जेऊरच्या माळावरची हिरवी रेषा

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातलं जेऊर हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं लहानसं स्टेशन. २२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी इथे खग्रास सूर्यग्रहण झालं. जेमतेम दोन मिनिटांच्या त्या अंधारासाठी कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल सगळा सरंजाम घेऊन जेऊरला आले होते. त्यात तब्बल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता. त्याचं भिंग जागचं हलत नसे. सूर्य सरकेल तशी मागची काचपट्टी सरकत असे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांची तुकडीही जेऊरलाच वेध घेत होती.

दीर्घिकांच्या सक्रिय केंद्रांभोवती रेणवीय वायू कसा वाहतो, हे आज ज्या रीतीने कळतं, तिची कुळकथा या माळावरून जाते.

कॅम्पबेल यांना सूर्याचा प्रभाकिरीट, म्हणजे कोरोना, फिरतो का आणि कसा, हे पाहायचं होतं. प्रभाकिरीटाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा असते. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिट्टी चढी आणि निघून जाणाऱ्या गाडीची उतरती लागते, तसंच प्रकाशाचं होतं: वायू आपल्याकडे येत असेल तर रेषा निळ्या बाजूला सरकते, दूर जात असेल तर तांबड्या. क्रिस्टियन डॉपलर यांनी हे तत्त्व १८४२ मध्ये मांडलं होतं. सूर्याच्या दोन्ही कडांशी ती हिरवी रेषा टिपायची आणि दोन्हींतला फरक मोजायचा, असा बेत होता. फिरण्याचा नियम काही हाती लागला नाही. पण रेषेची जागा मात्र पक्की झाली. तोवर तिची तरंगलांबी ५३१७ अँगस्ट्रॉम धरली जाई. १८९८ च्या ग्रहणानंतर ती ५३०३ ठरली. ही रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे, हे उकलायला आणखी चार दशकं लागली.

त्याच सावलीच्या वाटेवर विजयदुर्ग किल्ल्यात इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर होते. तिथल्या ‘साहेबाच्या कट्ट्या’शी १८६८ सालच्या हेलियमच्या शोधाची गोष्ट जोडली जाते, पण त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्ये होते, विजयदुर्गला ते आले १८९८ मध्ये. १८६८ चं ग्रहण महाराष्ट्राच्या सीमेलगत जमखिंडीहून पाहिलं ते लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांमध्ये त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजेच त्या ज्वाला तप्त वायूच्या होत्या.

अशा रेषा वाचण्याच्या कामात नायगमवालांचा वाटा फार मोलाचा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमशी निगडित असल्याचं लॉकियर यांचं म्हणणं होतं. तसं असतं तर ती एका बाजूने विरत गेलेली दिसली असती. ती रेखीव आहे, असं नायगमवालांनी १८९१ मध्ये पुण्याहून निरीक्षण करून दाखवलं.

तेजोमेघाची ही रेषा पुढे अनपेक्षित ठिकाणी भेटली. १९०१ पासून लिक वेधशाळेचे संचालक कॅम्पबेल होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९०८ मध्ये, एडवर्ड फॅथ यांनी तिमिंगल तारकासमूहातल्या एनजीसी १०६८ या सर्पिल दीर्घिकेचा वर्णपट घेतला. इतर सर्पिलांसारखा ताऱ्यांचा वर्णपट दिसायचा, तर त्यात तेजोमेघासारख्या तेजस्वी रेषाही निघाल्या. १९१७ मध्ये व्हेस्टो स्लायफर यांना त्या रेषा चांगल्याच रुंदावलेल्या आढळल्या. कार्ल सेफर्ट यांनी १९४३ मध्ये अशा सहा दीर्घिकांच्या वर्णपटांचा बारकाईने अभ्यास केला. काही रेषांची रुंदी सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाइतकी भरली. इतक्या वेगाने वायू भिरभिरवणारं केंद्र म्हणजे महाकाय कृष्णविवराचा शेजार, हे त्यानंतर हळूहळू उलगडलं.

पण हा सगळा तप्त वायू. कृष्णविवराचा खुराक ज्यातून येतो तो वायू थंड आणि रेणूंचा असतो. त्यातला हायड्रोजन इतक्या थंडीत जवळपास मुकाच. त्याचा माग लागतो सोबतच्या कार्बन मोनॉक्साइडवरून. १९७० मध्ये मृगातल्या तेजोमेघात या रेणूची २.६ मिलिमीटरची रेषा सापडली आणि डॉपलरची जुनी रीत थंड वायूलाही लावता आली.

चिलीच्या अटाकामा वाळवंटात सुमारे पाच हजार मीटर उंचीवर आल्मा दुर्बिणीच्या ६६ तबकड्या आहेत. सांतियागो गार्सिया-बुरिलो आणि सहकाऱ्यांनी तिथून पुन्हा एनजीसी १०६८ कडेच पाहिलं. २०१४ मध्ये त्यांनी मांडलेला अंदाज असा, की केंद्राभोवतीच्या वायूच्या तबकडीतून वर्षाला सुमारे साठ सूर्यांइतका रेणवीय वायू बाहेर ढकलला जातो आहे. नवे तारे ज्यातून घडायचे, तोच हा माल. दोन वर्षांनी कृष्णविवराभोवतीचं, साधारण तीस प्रकाशवर्षं व्यासाचं वायू-धुळीचं कडंही त्यांना वेगळं पाहता आलं. २०१९ मध्ये व्हायोलेट इंपेलिझेरी आणि सहकाऱ्यांनी त्याच्याही आत डोकावून रेषा कोणत्या बाजूला सरकते ते तपासलं. अगदी आतला वायू बाहेरच्या कड्याच्या उलट दिशेने फिरत होता.