मद्यपी वाहनचालक : अटक व न्यायप्रक्रिया (मुंबई उपनगरे)

दारू पिऊन वाहन चालवणे किंवा चालवण्याचा प्रयत्न करणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार गुन्हा आहे. चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला की हे कलम लागते. गाडी वेडीवाकडी चालली किंवा कोणाला इजा झाली, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. मुंबईत वाहतूक पोलीस २००७ पासून याविरुद्ध मोहीम राबवत आहेत. उपनगरांत दोन्ही द्रुतगती महामार्ग, स्वामी विवेकानंद मार्ग, लालबहादूर शास्त्री मार्ग अशा रस्त्यांवर रात्री नाकाबंदी असते. ३१ डिसेंबर, धुळवड आणि श्रावणाआधीची गटारी या दिवशी तपासणी वाढते.

तपासणी व अटक. संशयाला वाजवी कारण असल्यास गणवेशातील पोलीस अधिकारी कलम २०३ नुसार चालकाला ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकायला सांगू शकतो. चाचणीत मद्यार्क दिसला, किंवा संशय असूनही चालकाने फुंकण्यास नकार दिला, तर वॉरंटशिवाय अटक करता येते. मात्र रुग्णालयात दाखल असलेल्या जखमी चालकाला तेथे असेपर्यंत या कलमाखाली अटक करता येत नाही. अटकेनंतर पोलीस ठाण्यात श्वासचाचणीची आणखी एक संधी द्यावी लागते. गाडी रस्त्यात सोडून देता येत नाही. तिची तात्पुरती व्यवस्था लावणे हे पोलिसांचेच काम. साध्या प्रकरणात परवाना ताब्यात घेऊन पोचपावती दिली जाते आणि चालकाला न्यायालयात हजर राहण्यास सांगितले जाते.

वैद्यकीय तपासणी. पोलिसांसमक्ष घडलेल्या या गुन्ह्यात अटक झाल्यास कलम २०२ नुसार दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते. न झाल्यास अटक केलेल्या व्यक्तीला सोडावे लागते. पश्चिम उपनगरांत जुहूचे कूपर, पूर्वेकडे घाटकोपरचे राजावाडी ही पालिकेची मोठी रुग्णालये आहेत. रक्ताच्या नमुन्यांचे रासायनिक पृथक्करण कालिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होते. चाचणीस नकार देणाऱ्याची त्यातून सुटका होत नाही: वाजवी कारण नसल्यास तो नकार कलम २०५ नुसार सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारा धरला जातो. केवळ तोंडाचा वास, अडखळती चाल किंवा विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावर मद्यपान सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बच्चूभाई करियानी खटल्यात १९७१ मध्येच म्हटले होते.

जामीन व खटला. कलम १८५ चा गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. कोठडीत ठेवल्यास प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे बंधनकारक आहे. सिग्नल मोडल्याप्रमाणे जागेवर दंड भरून हे प्रकरण मिटत नाही. तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत कलम १८५ नाही. हद्दीनुसार ते अंधेरी, बोरिवली, मुलुंड अथवा विक्रोळी न्यायालयात जाते. घाटकोपरची प्रकरणे विक्रोळीकडे येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ‘महानगर दंडाधिकारी’ ही श्रेणी उरलेली नाही. गुन्हा कबूल केल्यास निकाल लवकर लागतो. परंतु त्यानंतर अपील केवळ शिक्षेचे प्रमाण किंवा तिची वैधता यांपुरतेच करता येते.

शिक्षा. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हे दंड २०१९ च्या दुरुस्तीने आले. त्याआधी पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० रुपयांपर्यंत होता. दोषी ठरलेल्या चालकास न्यायालयाने कलम २० नुसार किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवायचे असते. त्याशिवाय जप्त परवाना पोलिसांकडून परवाना प्राधिकाऱ्याकडे जातो आणि कलम १९ खाली निलंबनाची किंवा रद्द करण्याची स्वतंत्र कारवाई होऊ शकते. चालक प्यायलेला आहे हे जाणून त्याला गाडी चालवण्यास प्रवृत्त करणाराही कलम १८८ खाली त्याच शिक्षेस पात्र ठरू शकतो.

अपघात घडल्यास. अशा वेळी भारतीय न्याय संहिता लागू होते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत, तर मृत्यू ओढवू शकतो याची जाणीव असल्याचे सिद्ध झाल्यास कलम १०५ खाली सदोष मनुष्यवधासाठी दहा वर्षांपर्यंत कारावास होतो. हा दुसरा गुन्हा अजामीनपात्र असून सत्र न्यायालयात चालतो. या दोहोंतील फरक वांद्र्याच्या कार्टर रोडवरील खटल्याने ठळक केला. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे तेथे पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली ठार झाले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सदोष मनुष्यवध मानून ती तीन वर्षांवर नेली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये हा निकाल कायम केला.

वांद्र्यातच हिल रोडवर २८ सप्टेंबर २००२ रोजी घडलेल्या अपघाताच्या खटल्यात अभिनेता सलमान खान यास सत्र न्यायालयाने ६ मे २०१५ रोजी पाच वर्षांची शिक्षा सुनावली; १० डिसेंबर २०१५ रोजी उच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. तो गाडी चालवत होता आणि मद्याच्या अमलाखाली होता, या दोन्ही गोष्टी संशयातीतपणे सिद्ध झाल्या नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीतील त्रुटींवरही बोट ठेवले. नमुना कोणी घेतला, कोणी सीलबंद केला आणि प्रयोगशाळेत कसा पोहोचला याच्या नोंदी म्हणूनच अशा खटल्यांत कळीच्या ठरतात.

विमा. मद्यपी चालकाच्या स्वतःच्या गाडीचे नुकसान पॉलिसीच्या अटींनुसार सहसा भरून मिळत नाही. तिऱ्हाईत व्यक्तीची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी देण्यास सांगून ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकते.