कियांतीचे लक्षण



आजचा विषय आहे इटलीतली कियांती नावाची तांबडी वाइन. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने वाइनवर काय बोलायचे, असे काहींना वाटेल. पण व्याख्या चुकली की वस्तूचेच कसे हाल होतात, याचे कियांतीइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

आधी ती वाइन कशी असते ते पाहू. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधल्या डोंगराळ भागात सांजोवेझे नावाचे काळे द्राक्ष पिकते. त्याच्या वाइनचा रंग फार गडद नसतो. वास चेरीच्या वळणाचा. पण तिची खरी ओळख दोन रसांत आहे, आंबट आणि तुरट. आपल्या षड्रसांत तुरट हा स्वतंत्र रसच मानला आहे, त्यामुळे आपल्याला हे वेगळे सांगायला नको. जांभूळ खाल्ल्यावर जीभ कोरडी पडते ना, तसेच इथे होते. द्राक्षाच्या सालीतले आणि बियांतले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरते आणि तोंडातला ओलावा गेल्यासारखा वाटतो.

म्हणून ही वाइन नुसती प्यायली तर जरा कडकच वाटते. जेवणाबरोबर मात्र ती बदलते. फ्लॉरेन्सची प्रसिद्ध बिस्तेक्का घ्या. निखाऱ्यावर भाजलेला, आतून लालच ठेवलेला गोमांसाचा जाड तुकडा. मांसातली प्रथिने आणि चरबी मिळाली की तुरटपणा मऊ होतो आणि वाइनचा आंबटपणा तोंडातला तेलकटपणा कापून काढतो. टोमॅटोचेही तसेच. टोमॅटो स्वतःच आंबट, त्याच्यापुढे कमी आंबट वाइन मिळमिळीत लागते. ही टिकून राहते. टस्कनीचा पाव अळणी असतो. त्याच्याबरोबर मेंढीच्या दुधाचे खारट पेकोरीनो चीज किंवा बडीशेप घातलेली सलामी खातात आणि मिठाने तुरटपणा आणखी उतरतो.

पण शेतकऱ्याच्या घरी रोज मांस कुठले? तिथे रिबोल्लीता असे. शिळा पाव, पांढरा घेवडा, काळसर पानांची कोबी आणि वरून ऑलिव्ह तेल. या साध्या जेवणाला जुनी, भारदस्त वाइन जड होते. ताजी, हलकी हवी. म्हणजे ताटे दोन आणि वाइनही दोन तऱ्हेच्या. हा मुद्दा लक्षात ठेवा.

आता इतिहासाकडे येऊ. 1716 साली टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो दे मेदिची याने हुकूम काढून कियांतीच्या सीमा आखल्या. राद्दा, गायोले आणि कास्तेल्लीना ही गावे त्यातली मुख्य. त्या हुकमात प्रश्न होता 'कुठली' एवढाच.

'कशाची' या प्रश्नाचे प्रसिद्ध उत्तर बेत्तीनो रिकासोली याने दिले. हा गायोलेजवळच्या ब्रोलियो किल्ल्याचा जहागीरदार. कावूरच्या निधनानंतर 1861 मध्ये इटलीचा पंतप्रधान झाला. पण घरी त्याने द्राक्षांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. 1872 च्या एका पत्रात त्याने निष्कर्ष मांडला. सांजोवेझे वाइनला सुगंध आणि जोम देते. कानायोलो नावाचे दुसरे काळे द्राक्ष तिचा कठोरपणा कमी करते. माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष ती हलकी करते आणि रोजच्या जेवणाजोगी बनवते. आणि पुढे तो सांगतो की वाइन मुरवून ठेवायची असेल तर माल्वाझिया वगळलेली चालेल.

'असेल तर'! सगळा इतिहास या दोन शब्दांपाशी अडला आहे. रिकासोलीपुढे ती दोन ताटे होती. त्याचे विधान सशर्त होते.

पुढे काय झाले? आपल्याकडचे नैयायिक लक्षणाचे दोष सांगतात. शिंगे असलेला प्राणी म्हणजे गाय असे म्हटले तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. तांबूस रंगाची ती गाय असे म्हटले तर पांढरी गाय बाहेर पडते, ही अव्याप्ती. इटलीच्या सरकारने दोन्ही दोष करून दाखवले. 1932 मध्ये कियांतीची हद्द कितीतरी वाढवली आणि जुन्या भागाला 'क्लासिको' हे वेगळे विशेषण लावावे लागले. ही अतिव्याप्ती. 1967 च्या नियमांनी 10 ते 30 टक्के पांढरी द्राक्षे सक्तीची केली, मुरवायच्या वाइनमध्येसुद्धा. रिकासोलीची कृती घेतली आणि अट गाळली. त्यात माल्वाझियाऐवजी भरघोस पिकणारे, चवीला फिके त्रेब्बियानो बरेच वापरले जाई. वाइन पातळ झाली आणि कियांतीचे नाव खाली गेले.

आणि अव्याप्ती बघा. राद्दा गावी सेर्जो मानेत्ती यांनी 1977 साली 'ले पेर्गोले तोर्ते' ही निव्वळ सांजोवेझेची वाइन केली. मूळ कियांतीच्या काळजातली जमीन, तिथलेच द्राक्ष. पण कायद्याने तिला कियांती म्हणता येत नव्हते. ती साधी टेबल वाइन म्हणून विकावी लागली. आंतीनोरी घराण्याच्या 'तिन्यानेल्लो'चीही तीच गत. खरे बोलायचे तर नाव सोडा, असा हा न्याय.

1984 मध्ये पांढऱ्या द्राक्षांची सक्ती बरीच कमी झाली. 1996 पासून कियांती क्लासिको निव्वळ सांजोवेझेची करता येऊ लागली आणि 2006 च्या हंगामापासून क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांवर पूर्ण बंदी आली. तुम्ही म्हणाल, चला, चूक दुरुस्त झाली. मला तसे वाटत नाही. काल जी वस्तू सक्तीची होती, ती आज निषिद्ध आहे. रिकासोली आज ब्रोलियोत परत आला आणि रोजच्या जेवणासाठी माल्वाझिया घालून त्याने वाइन केली, तर तिला कियांती क्लासिको म्हणता येणार नाही. अट कालही गाळली होती, आजही गाळलेलीच आहे.

वाइनचा स्वभाव नुसत्या टक्केवारीत मावत नाही. ती कोणत्या ताटाशेजारी ठेवायची आहे, हेही विचारावे लागते. रिकासोलीने ते विचारले होते. कायद्याने विचारले नाही.

इथे थांबतो.