डोंगरीचे १०१ दिवस आणि बोलणाऱ्याचे संरक्षण

जुन्या मराठी घरांतून लोकमान्यांच्या मंडालेची कथा पुष्कळ सांगितली जाते. डोंगरीची त्या मानाने कमी. टिळकांचा पहिला कारावास राजद्रोहाबद्दल नव्हता, अब्रुनुकसानीबद्दल होता. आणि तो त्यांनी आगरकरांसमवेत भोगला.

१८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ सुरू झाले. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज त्या काळी वेडाच्या सबबीखाली देखरेखीत होते आणि त्यांचा छळ होत असल्याची वदंता सर्वत्र होती. संस्थानी मुलखात पिढ्या घालविलेल्या आपल्या घराण्यांस दिवाणाच्या सत्तेची कल्पना निराळी द्यावयास नको. या तरुण संपादकांनी दिवाण रावबहादूर माधवराव बर्वे यांच्यावर उघड आरोप केले. त्यांना आधार होता काही पत्रांचा. बर्व्यांनी फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट निघाली. संपादकांनी दिलगिरी प्रदर्शित केली, तरी १७ जुलै १८८२ रोजी उभयतांस चार महिन्यांची साधी कैद झाली. महात्मा फुल्यांचे स्नेही रामशेट उरवणे त्यांना जामीन राहिले होते. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला दोघे सुटले. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तकच लिहिले.

पत्रे खोटी होती. काळजी मात्र खोटी नव्हती. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रज पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर, महाराजांचा अंत झाला.

सार्वजनिक हितासाठी बोलताना प्रामाणिक चूक झाली, तर तिची किंमत किती असावी? या प्रश्नाचे एक उत्तर १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील नागरी हक्कांच्या एका जाहिरातीत किरकोळ चुका होत्या. त्यावरून अलाबामातील सलिव्हन या अधिकाऱ्यास तेथील ज्यूरीने ५ लाख डॉलरची भरपाई दिली होती. न्यायालयाने ती रद्द केली. विधान खोटे आहे हे जाणून, अथवा खऱ्याखोट्याची बेपर्वाई करून ते छापले, हे अधिकाऱ्याने सिद्ध केले पाहिजे, असा दंडक पडला.

परंतु दावा जिंकणे हाच प्रत्येक वादीचा हेतू नसतो. वर्षानुवर्षांच्या तारखा आणि वकिलांची फी यांनीच प्रतिपक्ष गप्प होतो. डेन्व्हर विद्यापीठातील प्राध्यापक जॉर्ज प्रिंग व पेनेलोपी कॅनन यांनी १९८० च्या दशकात अशा दाव्यांस ‘स्लॅप’, म्हणजे चपराक, हे नाव दिले. कॅलिफोर्नियाने १९९२ साली त्यांविरुद्ध कायदा केला. सार्वजनिक प्रश्नावरील बोलण्याबद्दल दावा झाल्यास प्रतिवादी आरंभीच तो काढून टाकण्याचा अर्ज करू शकतो. मग आपली बाजू टिकण्याजोगी आहे, हे वादीने तेव्हाच दाखवावे लागते. न दाखविल्यास प्रतिवादीच्या वकिलांचा खर्चही त्याच्याच माथी येतो. २०२४ साली युरोपीय संघानेही या दिशेने निर्देश काढला.

असा कायदा टिळक-आगरकरांस तारता का? बहुधा नाही. त्यांच्यावरील खटला फौजदारी होता, आणि बनावट कागद कोणत्याही कायद्यापुढे बनावटच. बोलणाऱ्यास संरक्षण हवे, तसा पुरावा पारखून घेण्याचा भारही त्याच्यावर हवा, हा डोंगरीचा धडा आहे. परंतु चुकीचे उत्तर खुलासा व भरपाई यांनी देता येते; त्यासाठी तुरुंग कशाला?

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेतील हा गुन्हा २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला, आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही दोन वर्षांपर्यंतच्या साध्या कैदेसह तो कायम आहे. ‘स्लॅप’ दाव्यांचा धोका न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये बोलून दाखविला. स्वतंत्र कायदा मात्र नाही. टिळक-आगरकरांच्या पाठीशी जामीनदार उभा राहिला, लोक उभे राहिले. गावच्या तळ्याविषयी वा शाळेविषयी तक्रार करणाऱ्या साध्या माणसाला एवढे बळ कोठून मिळावे? कायदा हवा आहे तो त्याच्यासाठी.