फूल आणि दोन पाने : गोव्याच्या जनमत कौलाचा धडा

निवडणुकीचे वारे वाहू लागले की आमच्या गावांतून एक ठरावीक हिशेब कानी येऊ लागतो. अमुक वाडीत ख्रिस्ती मते इतकी, ती सारी अमक्याच्याच पेटीत पडणार! हा हिशेब मांडणारे बाहेरचे असतात, तसे आमच्यातलेही असतात. डोकी मोजली की मते मोजून झाली, असे हे सोपे गणित. या गणिताची खरी परीक्षा आपल्या शेजारी, गोव्यात, १६ जानेवारी १९६७ रोजी झाली. तिची उजळणी करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये झालेल्या पहिल्या विधानसभा निवडणुकीनंतर दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. गोवा महाराष्ट्रात विलीन करणे हे त्याचे उघड ध्येय होते. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने १२ जागा जिंकून त्याला विरोध आरंभिला. पहिला पक्ष हिंदू बहुजनांचा, दुसरा कॅथलिकांचा, असे सरसकट बोलले जाई आणि ते अगदीच निराधार नव्हते. अखेर हा प्रश्न थेट जनतेलाच विचारावा असे ठरले व १९६६ मध्ये संसदेने तसा कायदा केला. कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळ पायउतार झाले. विलीनीकरण हवे असणाऱ्यांसाठी ‘फूल’ आणि संघप्रदेश राखू इच्छिणाऱ्यांसाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे ठरली.

शिरगणतीवर विसंबणाऱ्याला निकाल आधीच ठाऊक होता. गोव्यात सुमारे तीन पंचमांश लोक हिंदू होते आणि ख्रिस्ती एक तृतीयांशाहून थोडे अधिक. तेव्हा फुलाचा विजय निश्चित! प्रत्यक्षात फुलाला १,३८,१७० मते पडली, तर दोन पानांना १,७२,१९१. विलीनीकरणाचा पक्ष ३४,०२१ मतांनी पराभूत झाला. मतपत्रिकेवर धर्म लिहिलेला नसतो. म्हणून कोणी कोणाला मत दिले हे नेमके सांगता येणार नाही. तथापि एकूणएक ख्रिस्ती मत दोन पानांना पडले असे गृहीत धरले, तरी वैध मतांपैकी साडेपंचावन्न टक्क्यांचा हा आकडा केवळ त्यांच्या बळावर गाठला जाणे शक्य नव्हते. हजारो हिंदू मतदारांनी गणित मांडणाऱ्यांचा अंदाज खोटा ठरविला.

हे कसे घडले? धर्माचा प्रभाव मुळीच नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. सासष्टीने विलीनीकरण ठामपणे नाकारले आणि पेडणे, सत्तरीसारख्या तालुक्यांनी फुलाला साथ दिली, हे खरेच आहे. परंतु माणसाला धर्माखेरीज पोट असते, भाषा असते, घरदारही असते. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता. तो गोव्यात आला तर माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराचे काय होणार, ही चिंता ख्रिस्ती रेंदेराला होती तशी भंडारी रेंदेरालाही होती. सरकारी नोकऱ्या बाहेरच्यांच्या हाती जातील ही धास्ती सुशिक्षित तरुणांना होती. कोकणीचा अभिमान दोन्ही समाजांत होता. आणि विलीनीकरणाविरुद्ध हिरिरीने लढणारे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक चक्क मराठीत निघत होते! त्यात उदय भेंब्रे यांनी लिहिलेले ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर मराठी वाचकांनाच उद्देशून होते. दुसऱ्या बाजूला, फुलावर शिक्का मारणारे कितीतरी कष्टकरी देवळाकडे पाहून नव्हे, तर भाटकाराच्या वर्चस्वातून सुटका आणि मुलांना शाळा मिळेल या आशेने मत देत होते. दोन्ही बाजूंना ‘गठ्ठा’ असा नव्हताच.

याहून मोठा धडा पुढे होता. मार्च १९६७ मध्ये, म्हणजे अवघ्या अडीच महिन्यांत, विधानसभेची निवडणूक झाली. ज्या मतदारांनी विलीनीकरण नाकारले होते, त्यांनीच बांदोडकरांच्या पक्षाला १६ जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसविले. यात काहींना विसंगती दिसेल. आम्हांला विवेक दिसतो. गोवा वेगळा राहावा आणि कारभार भाऊसाहेबांनी करावा, या दोन गोष्टी एकाच मतदाराला एकाच वेळी पटू शकतात.

आम्हां महाराष्ट्रातील कॅथलिकांना हा इतिहास अधिक जवळचा वाटावा. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ हा मराठी ग्रंथ रचला तो सासष्टीतच आणि १६१६ मध्ये तो छापला गेला तोही तेथल्याच रायतूर येथे. त्याच सासष्टीने मराठी राज्यात येण्यास नकार दिला. आणि त्याच धर्माचे आम्ही वसईकर मराठीला मायबोली म्हणतो. धर्म एक, पण भाषा, भूमी आणि राजकीय निवड भिन्न असू शकतात, याचा आम्हीच जिवंत पुरावा आहोत.

म्हणून कोणी आमची मते गठ्ठ्याने गृहीत धरतो, तेव्हा आम्हांला राग येतो तो योग्यच आहे. मात्र आमच्यातलाच कोणी पुढारी तो गठ्ठा आपल्या खिशात असल्याचे सांगत दारोदार फिरतो, तेव्हाही तितकाच राग यायला हवा. आणि शेजारच्या समाजाबद्दल आम्ही स्वतः ‘ते लोक तसेच मत देणार’ असे बोलून जातो, तेव्हा तर आम्हांला लाज वाटली पाहिजे. मतदानाच्या खोलीत माणूस एकटाच शिरतो. तेथे त्याच्यासोबत त्याची सदसद्विवेकबुद्धी असते. समाजाची शिरगणती बाहेर उभी असते.