थांबविणाऱ्या यंत्राची गोष्ट

गाडी पळविणाऱ्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. ती थांबविणाऱ्यांचा फार थोड्यांनी. ओल्या रस्त्यावर ब्रेक जोराने दाबला की चाक जागीच अडकते, गाडी घसरत जाते आणि स्टिअरिंग फिरवूनही ती वळत नाही. ह्यावर उपाय प्रथम विमानांसाठी शोधला गेला. १९५० नंतरच्या दशकात डनलॉप कंपनीचे ‘मॅक्सॅरेट’ हे यंत्र विमानांना बसू लागले. १९६६ साली जेन्सन एफएफ ह्या इंग्लिश मोटारीत ते आले. पण यांत्रिक जुळणीला मर्यादा होत्या. चाकाची गती क्षणोक्षणी मोजून तेलाचा दाब सोडावयाचा नि पुन्हा वाढवावयाचा, हे काम इलेक्ट्रॉनिक्सनेच साधले. १९७८ साली जर्मनीत बॉश कंपनीची ही व्यवस्था मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत विक्रीस आली.

आरंभी हिशेब करणारी पेटी वेगळी आणि झडपांचा ठोकळा वेगळा असे. पुढे दोन्ही एकमेकांना जोडली गेली, आणि येथेच कारागिराच्या कामाचे रूप पालटले.

हा ठोकळा उतरविताना तो आधी बॅटरीची तार सोडतो, नळ्यांवर खुणा करतो, उघडी तोंडे लगेच बुचांनी बंद करतो. कारण ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते, आणि सांडले तर रंगही खाते. कचऱ्याचा एक कण आत गेला तरी झडप अडू शकते. इथवर पाना आणि सवयीचा हात पुरतो. पण ठोकळा परत बसविल्यावर आत अडकलेली हवा काढावयाची, तर पुष्कळ गाड्यांत त्या झडपा संगणकी यंत्राच्या आज्ञेनेच उघडतात. ती आज्ञा ज्याच्याजवळ नाही, त्याच्या कौशल्याला अर्ध्या वाटेवर थांबावे लागते. आणि हवा तशीच राहिली, तर ब्रेकचे पेडल मऊ पडते.

२०१२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मतदारांनी, मोटारदुरुस्तीची माहिती व साधने स्वतंत्र कारागिरांनाही मिळावीत, असा कायदा मोठ्या बहुमताने मंजूर केला. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या मोटारसायकलींना ही ब्रेकव्यवस्था सक्तीची झाली. सक्ती योग्यच आहे, तीत माणसांचे जीव वाचतात. पण यंत्र सक्तीचे आणि त्याची विद्या मात्र कुलूपबंद, हा न्याय अपुरा आहे. ज्याच्या हातावर आपण जीव सोपवितो, त्या हाताला शिक्षण मिळणे हा उपकार नव्हे. तो आपल्या सर्वांच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.