आधी आई-बापाचं मन वळवायचं

बजाजनगरच्या आम्ही बायका आज सिनेमाचा एक छोटा इतिहास सांगणार आहोत. दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं प्रेम पडद्यावर आलं, ते लोकांच्या गळी कसं उतरलं, याचा.

मराठीत १९८२ साली जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ आला. त्यात महिलाश्रमातल्या दोन बायकांची जवळीक दिसते, पण आश्रमापुढची एक अडचण म्हणून. मग १९९८ मध्ये दीपा मेहतांचा ‘फायर’ भारतात लागला. नवऱ्यांकडून न मिळालेली माया दोन जावांना एकमेकींत मिळते. त्या डिसेंबरात मुंबईत थिएटरांची तोडफोड झाली. सिनेमा पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि पुढच्या वर्षी काटछाट न होता परत लागला.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की, दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. त्यानंतर २०१९ मध्ये ‘एक लडकी को देखा तो ऐसा लगा’ आणि २०२० मध्ये ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’ आले. दोन्हींत भरलं घर, लग्नाची गडबड, हसणं-रडणं. ‘फायर’नं घरालाच जाब विचारला होता, या सिनेमांनी घराची परवानगी मागितली. बघणारा आई-बापाच्या जागी बसतो. पडद्यावरचा बाप चिडतो तसा तोही चिडतो, आणि बाप नरमला की तोही नरमतो. मन वळवायची युक्ती ती हीच.

२०२२ च्या ‘बधाई दो’मध्ये एक पोलीस आणि एक पीटीची शिक्षिका घरच्यांचा तगादा चुकवायला आपसात लग्न करतात. दोघांनाही एकमेकांचं खरं माहीत असतं. पण आपल्याकडे म्हणतात, “लग्न लावून द्या, होईल नीट.” त्या लग्नात येणारी पोरगीही कुणाची तरी लेक असते. तिला कोण सांगतं?

२०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या मराठी ‘साबर बोंडं’ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठा पुरस्कार मिळाला. बाप गेल्यावर आनंद मुंबईहून दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक लग्नाचा विषय काढतात. आईला मात्र सगळं ठाऊक आहे, आणि ती त्याच्या पाठीशी आहे. इथं आईचं मन वळवावं लागत नाही.

सिनेमातला बाप अडीच तासांत वळतो. घरात वर्षं लागतात. म्हणून एवढंच सांगणं: लेकरानं तोंड उघडलं, तर आधी पुरतं ऐकून घ्या. स्थळं बघायची घाई करू नका.